एका दमाचा पाणकर

गोंदियाजवळ फुलचूरला आमच्याकडे नळानं पाणी येतं. सकाळी मोटर घुरघुरते, टाकी भरते आणि वरून सांडायला लागली की शेजारच्या भाभी गच्चीवरून ओरडतात, "टंकी भर गई!" पाण्याच्या नावानं एवढाच काय तो आवाज. मी मात्र त्याच्या कितीतरी आधी जागी होऊन छताकडे बघत पडलेली असते. नवरा कूस बदलून म्हणतो, "झोप न वं. इथं कोण हाक मारून राहिलं तुले?" कोणी नाही मारत, मला काय माहीत नाही? म्हणून तर झोप लागत नाही.

मागच्या पोळ्याच्या सुमारास इंदूवहिनींचा केशोरीहून फोन आला, "बाई, हे गेले." त्या दिवसापासून हे जागं होणं जास्तच झालं आहे. आधी निदान वाटायचं, इथं ऐकू येत नसलं तरी तिथं तो माणूस तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, उभा असेल. आता तेही नाही. लिहून काय होणार आहे? पण न लिहून तरी कुठं चैन पडतं.

पुरुषोत्तम भाऊजी, म्हणजे इंदूवहिनींचे यजमान, माझे सख्खे कोणी नव्हेत. केशोरीत आमच्या घराला लागून त्यांचं घर, मधे तुऱ्हाट्यांचं कुंपण. माझ्या नवऱ्याहून वयानं मोठे, म्हणून भाऊजी. उंच, काटक, अंगात पांढराधोप सदरा. त्या सदऱ्याला इस्त्री असायचीच. लोट्यात निखारे घालून ते स्वतः करायचे. चिखलात जायचं असलं तरी आधी इस्त्री, मग चिखल. मी एकदा चिडवलं, "भाऊजी, बेडकांना काय कळतं इस्त्रीचं?" तर म्हणाले, "बेंडकायले नाई कळत बाई, मले कळते."

मी गोंदिया शहरात वाढलेली. बोलणं अर्धं हिंदीत, राग आला की पूर्ण हिंदीत. लग्न करून केशोरीला आले, तिथल्याच शाळेत नोकरीही लागली, पण गाव काही अंगवळणी पडेना. लग्नानंतरच्या पहिल्या अश्विनात एका पहाटे दूरवरून कोणीतरी ओरडलं, "वडाखालची बांधीऽऽ! धार सुटली होऽऽ!" मी दचकून उठले. मला वाटलं, भांडण झालं की काय. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या, हसायला लागल्या. "अव, तो पाणकर होय. आपला पुरुषोत्तम."

मग त्यांनी मला सगळं समजावलं. गाव कोहळी समाजाचं, म्हणजे ज्यांच्या वाडवडिलांनी तलाव बांधले त्यांचं. पाऊस गेला आणि धान निसवायला आलं की तलावाचं तुडूम उघडतात. तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दार. त्या दारातून पाटानं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, बारीबारीनं द्यायचं, तेही न भांडता, हे पाणकराचं काम. आज बारी कोणत्या बांधीची, ते तो पहाटे पाळीवरून ओरडून सांगणार. भाऊजींचे वडील परसरामबुवा पाणकर होते. त्यांची हाक म्हणे पार पलीकडच्या टोलीपर्यंत, त्या लांबच्या वस्तीपर्यंत, जायची.

"पण आई," मी म्हटलं, "आपल्या बांधीजवळ तर वड नाहीच. पिपरीचं झाड आहे."

सासूबाईंचं तोंड एकदम आंबट झालं. "थेच त! माह्या सासऱ्यापासून तिले पिपरीची बांधी म्हंतेत. यानं कुठचा वड आणून लावला, त्याले ठाऊक."

त्याचं कारण मला हळूहळू कळलं. भाऊजी बोलताना अडखळायचे. सगळ्या अक्षरांवर नाही. शब्दाच्या सुरुवातीला प आला की मात्र ओठ मिटायचे ते मिटायचेच. मान ताठ व्हायची, गळ्याच्या शिरा फुगायच्या आणि शब्द काही बाहेर पडायचा नाही. आता बघा नशीब. नाव पुरुषोत्तम, बाप परसराम, धंदा पाणकराचा. पाणी, पाट, पाळ, सगळं त्याच एका अक्षरात! म्हणून त्यांनी वाटा शोधल्या होत्या. पाण्याला धार म्हणायचं. पिपरीच्या बांधीला वडाखालची म्हणायचं, पळसाच्या बांधीला लालफुलाची. गाव रागवायचं, हसायचं आणि हळूहळू तीच नावं वापरायचं. मला ते कायम नुसतं "बाई" म्हणत. मला वाटायचं, मास्तरीण म्हणून मान देतात. इंदूवहिनी एक दिवस फिसकन हसल्या. "मान कायचा? तुमचं नाव पुष्पा होय न. ते त्यायच्या तोंडातून निंगतच नाई."

पण सगळ्यातून वाट काढता येत नव्हती. एका जागी ते पुरते कोंडीत सापडले होते.

आमच्या गावात रीत अशी, की तुडूम उघडायच्या दिवशी पाणकरानं पाळीवर उभं राहून, गावासमोर, आपल्या तोंडानं बोली बोलायची. "मी अमका, अमक्याचा पोरगा. पाणी गावाचं. पयले शेवटच्या बांधीले, मंग माह्या बांधीले." एवढंच, पण ते एका दमात. मधे दम तोडायचा नाही, कारण बोली अडखळली तर तुडुमात पाणी अडखळतं, अशी समजूत. बोली झाली की खांद्यावर शेला घालायचा आणि नारळ फोडायचा. परसरामबुवा गेल्यावर काम भाऊजींकडे आलं, पण बोली दर वर्षी चुलतभाऊ बोलायचा. शेला त्याच्या खांद्यावर, नारळ त्याच्या हातात. तो नारळ फोडून घरी जाऊन झोपायचा आणि चिखलात भाऊजी. बापाचा जुना शेला यांच्या घरात खुंटीवर लटकून होता. भाऊजी जेवायला बसत ते त्याच्याकडे तोंड करून.

त्यांना दुसरं काहीच नको होतं. बोलणं सफाईदार व्हावं, भाषणं ठोकावी, असलं काही नाही. फक्त त्या एका दिवशी बापाचा शेला घालून, आपल्या तोंडानं, आपलं नाव घ्यायचं होतं.

त्यासाठी या माणसानं काय केलं असेल? तर रोज पेपर वाचला. आमच्या घरी यायचा तो वाचून झाला की दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाई. पहाटे उठून, बाभळीच्या काडीनं दात घासून, तलावात बुडी मारून, इस्त्रीचा सदरा चढवून ते पाळीवर उभे राहत आणि पाण्याकडे तोंड करून मोठमोठ्यानं तो शिळा पेपर वाचत. थंडीत वाचत, झडीत डोक्यावर पानांचा मोरा घेऊन वाचत. बातम्या, बाजारभाव, वरसंशोधन, निधनवार्ता, काही सोडायचे नाहीत. मी विचारलं, "पेपरच का? भजनं म्हणा ना. गाताना अडखळत नाही म्हणतात."

"गाऊन नाव सांगते का कोणी, बाई?" ते म्हणाले. "आन् बोलताना मानूस आडवाटेनं सटकते. छापलेल्यातून सटकता येत नाई."

वाचताना अडकले की शब्द गाळायचा नाही, अशी त्यांची शिस्त. "मुळापासून घेतो," म्हणायचे आणि वाक्याच्या सुरुवातीला परत जायचे. घाटावर धुणं धुणाऱ्या बायांना त्याची इतकी सवय झाली होती, की ते अडकले की यांचे हात थांबत. सासूबाई धुणं घेऊन आल्या की मला खबर द्यायच्या, "आज बापा पंतप्रधानावर लयच अटकला. माह्यी गोधडी धुऊन झाली, तरी याचा पंतप्रधान काही निंगेना."

आणि सवयी तरी किती जपाव्या माणसानं! आमच्याकडे खर्रा न खाणारा पुरुष दाखवा आणि बक्षीस न्या. सुपारी-तंबाखू घोटलेली ती पन्नी प्रत्येकाच्या खिशात. पाव्हण्याला पाणी नंतर, खर्रा आधी. भाऊजींनी कधी तोंड लावलं नाही. कोणी आग्रह केला की म्हणायचे, "तोंडात खर्रा ठेवला त शब्द कुठं ठेवू गा?" लवकर झोपायचे, भूक ठेवून जेवायचे, आवाज चढवून कोणाशी भांडायचे नाहीत. या शेवटच्याचा मला तर राग यायचा. शाळेतली कार्टी त्यांच्या नकला करायची. एकदा मी रस्त्यातच दोघांचे कान धरले. भाऊजी सायकलवरून उतरून म्हणाले, "राहू द्या बाई. हासून राहिले म्हंजे आयकून तरी राहिले."

मी घरी येऊन रडले. माझं तसंच आहे, राग आला की आधी रडू येतं.

इंदूवहिनी चिचगडच्या. तिकडच्या जंगलातलं मोकळंढाकळं बोलणं. त्यांच्या मागणीच्या वेळची गोष्ट त्यांनी मला मिरच्या निवडता निवडता सांगितली. मुलाला नाव विचारलं, तेव्हा चुलतभाऊ घाईघाईनं पुढे सरसावून सांगायला लागला. भाऊजींनी त्याला हातानं थांबवलं आणि स्वतः सुरू केलं. अडकले. मुळापासून घेतलं. पुन्हा अडकले. सगळी बैठक खाली माना घालून बसली, चहावर साय धरली, पण त्यांनी 'पुरुषोत्तम' पूर्ण सांगितलं तेव्हाच कप उचलला. "मी दाराआड होती," वहिनी म्हणाल्या. "बाबूजीले म्हटलं, मले हाच पाह्यजे. जो आपलं नाव अर्ध्यात सोडत नाई, तो मले काऊन सोडन?" एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. मिरच्यांमुळं असेल, नाहीतर कशामुळं असेल.

माझ्या लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत भाऊजींनी पहिल्यांदा हिंमत केली. तुडुमाच्या दिवशी चुलतभाऊ उठणार, तेवढ्यात हेच पुढे झाले. गावचे जुने म्हातारे डोमाजीबुवा रीतीभातीचे फार कडक. त्यांनी भुवया वर केल्या, पण मान डोलावली. भाऊजी म्हणाले, "मी पु..." आणि ओठ मिटले. छातीतला दम सुटला, तोंड उघडं राहिलं. त्यांनी नवा श्वास घेतला आणि तिथंच सगळं संपलं. दम तुटला होता. डोमाजीबुवांनी काठीनं चुलतभावाला खूण केली. भाऊजी बाजूला सरकले.

आणि दैव बघा कसं. त्याच वर्षी तुडुमात खरंच पाणी अडलं. बेशरमाच्या झुडपांच्या फांद्या वाहत येऊन अडकल्या होत्या, दुसरं काय! पण गाव म्हणालं, याची जीभ अटकली म्हणून पाणी अटकलं. मी भांडले. "अरे, फांद्या क्या उसने डाली?" असं पारावर जाऊन विचारलं. सासूबाईंनी हाताला धरून घरी आणलं. भाऊजी मात्र सरळ तुडुमाकडे गेले. कमरेला दोर बांधून त्या गार पाण्यात बुड्या मारल्या आणि फांद्या ओढून काढल्या. बाहेर आले तेव्हा ओठ निळे झाले होते. वहिनी अंग पुसून देत होत्या आणि शिव्याही देत होत्या. गावाला, तलावाला आणि त्यांनाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम कान देऊन पडले. वाटलं, आज काही हा माणूस उठत नाही. थोड्या वेळानं पाळीवरून आवाज आला. आदल्या दिवसाचे तांदळाचे भाव.

पुढे कित्येक वर्षं गेली. माझी पोरं झाली, शाळेत जायला लागली. मला कोणी खरं विचारलं तर भाऊजींच्या बोलण्यात फरक म्हणून काही पडला नव्हता. प वर अडकायचे ते अडकायचेच. मलाही कधी कधी वाटायचं, कायले एवढा जीव काढतो हा माणूस? पण घाटावरच्या बाया म्हणायला लागल्या होत्या, आताशा हा अटकला तरी मुळापासून घेत नाही. नुसता थांबते, आन् तिथूनच म्होरं जाते. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

मग एका वर्षी चुलतभाऊ पोराकडे रायपूरला जाऊन बसला. बोली कोणी बोलायची? दोघातिघांनी नावं सुचवली. भाऊजी घरी गेले आणि आले ते खुंटीवरचा शेला हातात घेऊन. इंदूवहिनी मागून आल्या, माझ्याजवळ उभ्या राहिल्या, माझं मनगट धरलं. बांगडी टोचली तरी मी हात सोडवला नाही.

त्यांनी छाती भरून श्वास घेतला. "मी पु..."

ओठ मिटले. शिरा फुगल्या. सगळं पूर्वीसारखंच. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "अटकला." दुसरा म्हणाला, "सरका बापा, दुसऱ्याले बोलू द्या." एक जण उठलाही.

डोमाजीबुवांनी काठी आडवी धरली. "बस खाली."

"पर बुवा, अटकला न तो!"

"अटकला. पर दम कुठं तोडला त्यानं? छाती पाह्य त्याची. भरेल हाये अजून. दम सरला नाई त बोली बी तुटली नाई. थांबा सारे."

आम्ही थांबलो. भाऊजींचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण छाती तशीच भरलेली. रोज पहाटेचा तो शिळा पेपर या माणसानं तिथं साठवून ठेवला होता. अडखळणं गेलं नव्हतं. दम वाढला होता. "...रुषोत्तम, परसरामचा पोरगा! पाणी गावाचं! पयले शेवटच्या बांधीले, मंग माह्या बांधीले!" एकाही शब्दाआधी नवा श्वास नाही. बोलणं संपलं आणि ते गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभे राहिले. शेला डोमाजीबुवांनी स्वतः त्यांच्या खांद्यावर टाकला. वहिनी रडत होत्या, मी रडत होते, आणि सासूबाई, ज्यांनी इतकी वर्षं वडाच्या झाडावरून त्यांचा उद्धार केला, त्या तर सगळ्यात मोठ्यानं.

दुसऱ्या पहाटे हाक आली, "पाणी सुटलं होऽऽ!" परसरामबुवांनंतर पहाटेच्या हाकेत हा शब्द कोणी ऐकला नव्हता. त्यानंतर त्यांनी बांध्यांची खरी नावं एकेक करून परत दिली. एका वर्षी पळसाची, एका वर्षी पांदणीची. आमची पिपरीची बांधी परत आली त्या दिवशी सासूबाईंनी त्यांच्या घरी गुळाच्या पोळ्या पाठवल्या. बोली त्यांनी नुसती बोलली नाही, पाळलीही. स्वतःच्या बांधीला नेहमी सगळ्यांच्या शेवटी पाणी. आजूबाजूच्या गावांत पाण्यावरून तंटा झाला की लोक यांना बोलावून नेत. हे तिथंही अडखळत, आणि लोक मुकाट्यानं थांबत. घाईनं बोलणाऱ्याशी भांडता येतं, थांबून बोलणाऱ्याशी कसं भांडणार?

मग गावात मोबाइल आले. पाण्याच्या बारीचा ग्रुप झाला, रात्रीच मेसेज पडू लागला. पोरं म्हणाली, काका, आता कायले गळा फाडता? ते म्हणाले, "ज्याच्यापाशी फोन नाई, त्याची बांधी कोरडी ठेवू का?" आणि पहाटे हाक चालूच राहिली. खरं सांगते, ग्रुप मीही बघायचे, पण हाक आल्याशिवाय बारी आली असं वाटायचं नाही.

सासूबाई गेल्या. माझी बदली गोंदियाला झाली. आदेश उशिरा निघाला, ऐन अश्विनात, तुडूम उघडं असताना. बांधी दिराकडे सोपवली. निघायच्या आदल्या संध्याकाळी वहिनींनी मिरच्यांची पिशवी भरून दिली आणि गळ्यात पडल्या. भाऊजी ओसरीवर उभे. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, ओठ मिटले होते. पण मीच घाईघाईत म्हणाले, "येते हं भाऊजी." त्यांनी मान डोलावली. "येत राहा, बाई."

पहाटेची पहिली एसटी तलावाच्या पाळीखालून जाते. अजून नीट उजाडलं नव्हतं. मी खिडकीपाशी बसले होते, शेजारी नवरा, मांडीवर मिरच्या. वळणावर बैल आडवे आले म्हणून गाडी हळू झाली आणि वर तुडुमापाशी मला ते दिसले. पांढरा सदरा, खांद्यावर बापाचा शेला. गाडी बघून त्यांनी हात वर केला आणि हाक सुरू केली.

"आज पाणी पु..."

थांबले. पिपरीची बांधी त्यांनी केव्हाच ओलांडली होती, तिथं ते आता अडकत नसत. पु वर सुरू होणारी बांधी केशोरीत नाही. बैल बाजूला झाले, ड्रायव्हरनं गियर टाकला. मी उठून उभी राहिले. "रोको भैया! थांबव गाडी!"

"का झालं मॅडम? टाइम होऊन राहिला."

"थांबव म्हणते ना! त्यांचा दम सरला नाही अजून."

ड्रायव्हर केशोरीचा नव्हता, त्याला काय कळणार? पण गाडीतली अर्धी माणसं आमच्या गावची होती. मागून एक म्हातारी म्हणाली, "थांब रे बापा, बोलू दे त्याले." दुसरा म्हणाला, "इंजन बंद कर न गा." त्यानं खरंच इंजिन बंद केलं. सगळी गाडी त्या पाळीकडे बघू लागली. वर तो उंच माणूस मान ताठ करून, छाती भरून उभा होता.

"...ष्पाबाईची बांधीऽऽऽ! पाणी सुटलं होऽऽऽ!"

सातबाऱ्यावर ती बांधी कधीच माझ्या नावाची नव्हती. मी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकले आणि शाळेत हजेरीला देतात तशी, होता नव्हता तेवढा सगळा दम लावून, ओ दिली.